ग्रे म्हंजे कंचा ग्रे?

मागच्या रविवारी पुण्यात एका रिसेप्शनला गेलो होतो. जोडपं छान होतं, मठ्ठा पातळ होता, लग्नाचा विषय इथे संपला. मला बोलायचंय ते कार्यालयाच्या मागच्या पार्किंगबद्दल, जिथे मी रात्री साडेनऊ ते सव्वादहा झब्बा घालून, तोंडात पान धरून, थुंकायची सोय नसल्यामुळे धड बोलताही येत नाही अशा अवस्थेत माझी गाडी शोधत होतो. गाडी म्हणजे अर्थातच स्कूटर. पुण्यात चारचाकीला कार म्हणतात.

त्याआधी एक छोटी गोष्ट सांगायला हवी. जेवताना माइकवरून घोषणा झाली होती, "निळ्या रंगाची दुचाकी गेटसमोर आडवी लागलेली आहे, ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढावी." मी तिसरी जिलबी घेत शेजारच्या गृहस्थांना म्हणालोसुद्धा, की लोकांना गाडी कुठे लावावी एवढी साधी अक्कल नसते. ते म्हणाले, संस्कारच नाहीत. आम्ही दोघांनी माना हलवल्या. माझी गाडी ग्रे आहे.

तर बाहेर आलो. दीडदोनशे गाड्या, आणि सगळ्यांवर मिळून एका खांबावरचा एक जुना पिवळाधम्मक दिवा. तो सोडियमचा दिवा म्हणजे रंगांचा गळा घोटायचं यंत्र आहे. त्याच्या उजेडात मुळात पिवळ्याशिवाय फारसं काही नसतंच, त्यामुळे निळ्या वस्तूनं निळा परत पाठवायचा म्हटलं तरी आणायचा कुठून. सगळ्या गाड्या एक तर फिकट पिवळट नाहीतर काळपट पिवळट. बायकोनं मागे एकदा हँडलला लाल रिबिन बांधून दिली होती, "लांबून ओळखू येईल" म्हणून. तिथे प्रत्येक तिसऱ्या गाडीला लाल काहीतरी होतं. रिबिन, देवीची चुनरी, दसऱ्याचं कुंकू, लिंबू-मिरचीतली मिरची. आणि त्या दिव्याखाली ते सगळं तपकिरी.

एका गाडीवर तंगड्या हलवत पार्किंगवाले काका बसले होते. साठीच्या पुढचे असतील. गळ्यात शिट्टी, गाडीच्या हँडलला स्वतःचा डबा आणि स्वेटर अडकवलेला.

मी म्हणालो, "काका, गाडी सापडत नाहीये. नंबर सांगू का?"

"नंबर ऱ्हाऊ द्या. रातीचा नंबर दिसत न्हाई मला. कलर सांगा."

"ग्रे."

"ग्रे म्हंजे कंचा ग्रे?"

आता याला काय उत्तर आहे? मी म्हणालो, राखाडी.

"राखाडी कंचा पण? चुलीतल्या राखंचा, का उदबत्तीच्या?"

मी म्हणालो, मधला.

"मधला असा कलर नस्तो सायेब. शिसपेन्सिलीसारका हाय का? का पारव्यासारका? का आपला हा," आणि खांबाकडे बोट करून, "सिमेटी?"

सांगायला लाज वाटते, पण मी तिथे उभा राहून खरोखर विचार करायला लागलो की माझी गाडी पारव्यासारखी आहे का सिमेंटसारखी. सहा वर्षं चालवतोय. घेताना शोरूममधल्या पोरानं रंगाचं नाव सांगितलं होतं, त्यात मॅट होतं, मेटॅलिक होतं, मधे काहीतरी ग्रहताऱ्यांपैकी होतं, रंग कुठला ते तेवढं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. मी बघितली, ग्रे वाटली, ग्रे म्हणालो, विषय मिटला.

बघा म्हणजे, आपल्या भाषेत साडीसाठी अबोली आहे, आमसुली आहे, चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी, श्रीखंडी, गुलबक्षी आणि चक्क चटणी कलर आहे. तुळशीबागेत मॅचिंग सेंटरला जाऊन साडीचा पदर नुसता दाखवा, तो माणूस मागे वळून शेकडो तागे असलेल्या भिंतीतून नेमका तोच आमसुली ओढून काढतो, तोही बोलता बोलता. मी एकदा एकाला विचारलं होतं की जमतं कसं, तर म्हणाला, त्यात काय, कपडा रंगाच्या उतरंडीनं लावलेला असतो, हात आपोआप जातो. इकडे पार्किंगमध्ये कसली उतरंड? जागा दिसेल तिथे घुसवा. आणि गाड्या बनवणारे जाहिरातीत इंद्रधनुष्य दाखवतात, पण रस्त्यावर बघाल तर पांढरा, काळा आणि ग्रेचे सतरा प्रकार. पुढे विकताना गिऱ्हाईक मिळावं म्हणून लोक मरतुकडा रंग घेतात म्हणे. मीही त्यातलाच, उगाच कोणाला नावं कशाला ठेवू.

काका म्हणाले, "ग्रे असंल तर त्या कोपऱ्यात बगा. ग्रे समद्या तिकडंच सारल्यात." आणि मी गेलो. तिकडे ग्रेंचं संमेलन भरलं होतं. एक गाडी अगदी माझी वाटली, सीटवरचा ओरखडासुद्धा तोच. किल्ली घातली. गेली! फिरली मात्र नाही. दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा जरा जोर लावला तेवढ्यात मागून एक बाई, "ओ, काय चाललंय?" आणि त्यांच्या बरोबरचा सातआठ वर्षांचा मुलगा, भर मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात, "आई, चोर!" पान तोंडात असल्यामुळे मी जो खुलासा केला तो "म्ह-म्ह-माजी-आए" असा आला, त्यावरून मुलाची खात्रीच पटली. झब्ब्यातला चोर त्यानं पहिल्यांदाच बघितला असणार. बाईंनी किल्ली माझ्या हातातून काढून, बघून, परत माझ्याच हातात ठेवली, सॉरी वगैरे काही नाही. वरून लांबून काकांची शिट्टी.

घरी आल्यावर झोप येईना म्हणून मी या विषयावर वाचत बसलो, तर यावर रीतसर शास्त्र आहे. १९८० साली ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अक्षरं शोधायला लावली होती. तपकिरी टी आणि हिरव्या एक्सच्या गर्दीत एकच निळं अक्षर असलं तर ते टचकन दिसतं, पाच अक्षरं असोत की तीस, वेळ जवळपास तेवढाच. पण त्याच गर्दीत हिरवा टी शोधा म्हटलं, म्हणजे रंग याच्यासारखा आणि आकार त्याच्यासारखा, तर डोळा एकेका अक्षरापाशी जाऊन "तू का? तू का?" करत बसतो आणि गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. आणि शोधतोय ती गोष्ट तिथे नसेलच, तर आणखी साधारण दुप्पट दराने वेळ जातो, कारण शेवटचं अक्षर बघेपर्यंत सुटका नाही. माझं नेमकं हेच झालं होतं. जी राखाडी गाडी मी शोधत होतो ती त्या पार्किंगमध्ये नव्हतीच.

कारण सव्वादहाला बायको मैत्रिणींचे निरोप आटोपून बाहेर आली, पायऱ्यांवरूनच एकदा नजर टाकली आणि म्हणाली, "अरे, ते काका आपल्या गाडीवर का बसलेत?"

मी म्हणालो, शक्यच नाही. काका म्हणाले, "ही? ही तर निळी हाय." बायको म्हणाली, "निळीच आहे ना." मी म्हणालो, "ग्रे आहे." मग पाच मिनिटं तिथे परिसंवाद. काकांनी स्वेटर काढला, डबा काढला, आतून रिबिन निघाली. आणि मग काकांनी मोबाइलचा पांढरा टॉर्च गाडीवर मारला, उजवा डोळा हातानं झाकला आणि म्हणाले, "ह्या डोळ्यानं बगितलं का सायबाचं बराबर वाटतंय, राखीच." मग डावा झाकला. "आन ह्यानं बगितलं का वैनींचं. निळीशार!" महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं दिवाळीनंतर आहे. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडतो, तो काढला की एकदम निळा दिसायला लागतो. मोने या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ साली एका डोळ्याचं असंच झालं होतं, पण त्याला गाड्या सांभाळायच्या नव्हत्या. काका हा प्रयोग आळीपाळीनं सातआठ वेळा करून मनापासून हसत होते. बायकोही हसत होती.

मी मोबाइलवर गाडीची कागदपत्रं उघडली. रंगाच्या रकान्यात एक लांबलचक नाव, आणि त्यात ब्लू.

म्हणजे माइकवर बोलावणं माझंच होतं. काकांनी आणि केटरिंगच्या दोन पोरांनी गाडी उचलून बाजूला घेतली होती, आणि कोणी परत आडवी लावू नये म्हणून काका तिच्यावर बसले होते. दीड तास. ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच राग आला. पण मग ग्रेच्या कोपऱ्यात कशाला पाठवलंत, असं मी विचारलं, तर, "तुमी ग्रे म्हनलात." याच्यापुढे काय बोलणार.

निघताना चहापाण्याला म्हणून पाकिटातून विसाची नोट काढून दिली. काकांनी ती त्या दिव्याखाली धरली, एकदा माझ्याकडे बघितलं, नोटेची नीट चार घडी घातली आणि बसल्या जागेवरून उठून मला सलाम केला. मला वाटलं, माणूस ओशाळला.

सकाळी दूध आणायला गेलो तर पाकिटात वीस होते, दोनशे नव्हते. विसाची नोट हिरवट पिवळी, दोनशेची भडक पिवळी, आणि पिवळ्या दिव्याखाली दोघी जुळ्या बहिणी. दोनशेची चांगली १७ मिलिमीटर लांब असते म्हणा, १२९ आणि १४६, पण पट्टी घेऊन लग्नाला कोण जातं? काकांना मात्र एका डोळ्यानं कळलं.

बायको म्हणते, जाऊन परत माग. मी जाणार नाही, कारण काका विचारतील, कंच्या पिवळ्या रंगाची व्हती.