लाइट गेलेली चतुर्थी

आज माघी गणेश जयंती. आमच्या घरात हिला 'लाइट गेलेली चतुर्थी' म्हणतात. नाव लेकीने ठेवलंय.

२०२१ साली ही चतुर्थी १५ फेब्रुवारीला, सोमवारी आली. आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहतो. आई कोविडमुळे वर्षभर आमच्याकडेच अडकली होती. रविवारी संध्याकाळी तिने तिळाचे मोदक केले आणि झोपायच्या आधी पातेली, कुकर, डबे, लेकीची वाळूत खेळायची बादलीसुद्धा पाण्याने भरून ठेवली. "सणाचं पाणी आदल्या रात्री भरायचं असतं." मी वैतागले. अगं, नळाला चोवीस तास पाणी आहे!

रात्री दीडच्या सुमारास हिमवादळामुळे राज्यभर भारनियमन सुरू झालं आणि दोनला आमची लाइट गेली. आली ती बुधवारी रात्री आठला. ६६ तास. बाहेर पारा उणे १४ च्या आसपास. घर तापवणारी भट्टी गॅसवर चालते, पण गरम हवा ढकलणारा पंखा विजेवर, त्यामुळे गॅस असून उपयोग शून्य. मंगळवारी सकाळी घरात ६ अंश होते. दुपारी नळही आटला.

गॅसचा खटका विजेवरचा, तोही मेला. घरात काडेपेटी एकच, देव्हाऱ्याच्या खणातली. तीवर तीन दिवस चहा झाला, मेतकूट-भात झाला. समई होती, वाती होत्या, तेल होतं. आईने सातारहून आणलेल्या गोधड्यांत आम्ही चौघं एका खोलीत झोपलो. लेक मोदक खात होती आणि तिला वाटत होतं की आपण कॅम्पिंगला आलोय.

नंतर नातेवाइकांच्या ग्रुपवर सुरू झालं, "बाप्पाची कृपा म्हणून वाचलात." मला हे गिळवत नाही. त्या वादळात सरकारी आकड्यानुसारच २४६ माणसं गेली. त्यांच्यावर कृपा नव्हती का? दुसरीकडे एका मित्राने टोमणा मारला की ऐन पूजेच्या दिवशी लाइट जाते, तर देव काय कामाचा. दोघांनाही ती पाण्याची पातेली दिसली नाहीत.

आईचं माहेर पाटणकडचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढे कित्येक रात्री त्यांनी थंडीत खळ्यावर, उघड्यावर काढल्या. धक्के थांबत नव्हते, घरात जायची कुणाची छाती होईना. माझ्या पणजीने म्हणे पडक्या घरातून आधी तांदळाचं गाडगं, घागर आणि घोंगडी बाहेर काढली, देव दुसऱ्या खेपेला. कुणी बोललं तर म्हणाली, "देव कुठं पळून जातायत?" आईचं सोवळं-ओवळं याच बाईकडून आलंय. आदल्या रात्री पाणी भरायचं, खणात काडेपेटी ठेवायची, डब्यात चार दिवसांचं कोरडं खाणं ठेवायचं. ती याला धर्म म्हणते. मी नाव काय द्यायचं यावर आता तिच्याशी वाद घालत नाही.

एक भांडण मात्र झालं, आणि ते मी जिंकले. मंगळवारी रात्री तिला अंगणातल्या बार्बेक्यूमधले निखारे घमेल्यात घालून खोलीत आणायचे होते. गावाकडे शेगडी अशीच असायची. मी दारात आडवी उभी राहिले. कौलातून वारा खेळणारं घर वेगळं आणि फटी बुजवलेलं हे घर वेगळं. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याच रात्रींत टेक्सासमध्ये घरात कोळसा पेटवून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून माणसं झोपेतच गेली. आई तासभर बोलली नाही. नंतर तिनेच जप करता करता माझ्या अंगावर गोधडी टाकली.

मला राग येतो तो दुसऱ्याच श्रद्धेचा. २०११ च्या फेब्रुवारीतही इथे अशीच थंडी पडली होती, वीज गेली होती. केंद्रीय अहवालात लिहिलं होतं की वीज प्रकल्पांना, गॅसच्या विहिरींना थंडीपासून वाचवा. सक्ती नव्हती, म्हणून फारसं कुणी केलं नाही. टेक्सासचा बहुतेक भाग शेजारच्या मोठ्या ग्रिडपासून, म्हणजे विजेच्या जाळ्यापासून, वेगळा आहे, त्यामुळे बाहेरून वीज आणायचीही सोय तुटपुंजी. दहा वर्षं 'पुन्हा थोडीच होणार' या भरवशावर गेली. त्या रात्री अख्खं ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. डाउनटाउनच्या रिकाम्या ऑफिसांत दिवे लखलखत होते आणि वस्त्या अंधारात. अंधश्रद्धा म्हणायचीच तर मी याला म्हणेन. सक्तीचा कायदा झाला, पण माणसं गेल्यावर.

आत्ताच आईचा फोन येऊन गेला. पहिला प्रश्न, "पाणी भरलंस का?"

भरलंय. त्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरीही बदलली, असं सांगितलं.

"मग त्यालाही हळदीकुंकू वाहा," म्हणाली.