सेकंड हाफ कसा होता?

पिक्चर बघताना मला काहीच त्रास होत नाही. त्रास होतो तो सोमवारी, बोरिवलीहून सुटणाऱ्या चर्चगेट फास्टमध्ये. आमच्या ग्रुपमध्ये कुणी "काल पिक्चर टाकला" म्हटलं, की अंधेरी यायच्या आत त्याला मत द्यावं लागतं. 'आवडला' हे मत धरत नाहीत. "आवडला म्हणजे काय? सेकंड हाफ कसा होता?" असा जाब चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवलेले काका विचारतात. काकांनी थेटरात शेवटचा पिक्चर कधी पाहिला हे त्यांनाही आठवत नाही, पण सेकंड हाफच्या बाबतीत ते फार हळवे आहेत.

माझी अडचण अशी, की पिक्चर कसा होता हे मला पडद्यापेक्षा खुर्चीवरून जास्त कळतं.

'दशावतार'चंच घ्या. दादरला शो होता आणि दादरला गेलं की मला पीयूष लागतं. दोन ग्लास झाले. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. या वयात हा माणूस कोकणातल्या रानात ज्या ताकदीने वावरतो, ते बघून मी थक्क झालो. पण इंटरव्हलला रांग पार समोशाच्या काउंटरपर्यंत आलेली, आणि माझा नंबर लागायच्या आत पिक्चर सुरू झाला. पुढचा सगळा वेळ मी पायावर पाय घट्ट आवळून बसलो. पडद्यावर नदी दिसली की डोळे मिटायचे. सोमवारी मी ठामपणे सांगितलं, "शेवट जरा लांबलाय." काका खूश.

'बाईपण भारी देवा'ला बायकोच्या भिशीतली एक जण ऐनवेळी गळली म्हणून मला नेलं होतं. "अहो, तिकीट फुकट जाईल," एवढंच माझं निमंत्रण. बाकी सगळ्या नऊवारीत, गॉगल लावून. पडद्यावर सहा बहिणी मंगळागौरीची तयारी करत होत्या आणि मागच्या रांगेत "अगं, ही डिट्टो आमच्या वन्सं!" चालू होतं. त्या गलक्यात सहापैकी चार बहिणींशीच माझी नीट ओळख झाली. मी 'कथा थोडी विस्कळीत' असं मत दिलं. घरी नाही हां, लोकलमध्ये.

पण खरी फजिती 'आता थांबायचं नाय'ची. संध्याकाळचे शो मोठ्या हिंदी पिक्चरांना, त्यामुळे आमच्या वाट्याला रविवारी सकाळी पावणेदहा. मॉलचं शटर अर्धवट उघडं, सरकते जिने बंद, पॉपकॉर्नचं मशीनसुद्धा अजून उठलेलं नाही. समोसे होते, ते बहुधा झोपलेच नव्हते. आम्ही प्रेक्षक अकरा.

मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, अशी खऱ्या घटनेवरची गोष्ट. भरत जाधव पडद्यावर आला की हसायची आपल्याला इतक्या वर्षांची सवय. मीही हसायच्या तयारीने बसलो होतो. माझे वडील गिरणीतून आल्यावर माझ्या वहीत डोकावायचे आणि काही न बोलता वही सरळ करून ठेवायचे, ते मध्येच आठवलं आणि नळ सुटला. रुमाल शोधला तर खिशात चष्म्याचं फडकं, तळहाताएवढं. शेजारचे गृहस्थ पडद्यावरची नजर न हलवता हुंदके देत होते. त्यांनी तशीच मान समोर ठेवून एक कागदी नॅपकिन माझ्या हातात सरकवला. मी तो डोळ्यांना लावला.

समोशाची चटणी होती त्याला. हिरवी.

त्यानंतरचा पिक्चर मी ऐकला. दिवे लागले तेव्हा ते गृहस्थ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं हो."

सोमवारी काकांनी विचारलंच. मी खरं ते सांगितलं, "पिक्चर फार सुंदर आहे. शेवट मात्र मला अंधुक दिसला." तेवढ्यात अंधेरी आलं, गर्दी घुसली आणि माझं पुढचं वाक्य कुणाच्या तरी बॅगेत गेलं.

गुरुवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये अकाउंट्सवाल्याने मला बाजूला घेतलं. "त्या महापालिकेच्या पिक्चरला जाऊ नकोस. शेवटी सगळं अंधुक शूट केलंय म्हणे. चर्चगेट फास्टमध्ये कुणीतरी स्वतः बघून आलेला सांगत होता."