कॅबिनेट कसलं, धूळ ओढायचं मशीन पोसतोय मी

काल कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची काच काढली आणि डोकंच फिरलं. सतरा दिवसांपूर्वी ब्लोअर मारून लख्ख केलं होतं हो! आणि आता प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरवर करड्या रंगाची गोधडी. गोधडीच म्हणतोय, कारण चिमटीत धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. पंख्याच्या प्रत्येक पात्याला काळी मिशी फुटलेली.

कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. आधी पाडापाडीची धूळ खाल्ली, मग खोदाईची, आता फरशा कापायचं मशीन. सकाळी नऊला ते किंचाळायला लागलं की दुपारपर्यंत टेबलावर बोटानं नाव लिहावं इतकी भुकटी. हिरवी जाळी लावलीये म्हणे त्यांनी. तिला पडलेल्या भोकांतून कबुतरं संसार करून येतात, धूळ काय अडणार! वर शहाणपणा, ‘खिडक्या लावून घ्या.’ मे महिन्यात लावून बसा तुम्ही.

आणि हा ‘डस्ट फिल्टर’! आमची रव्याची चाळण याहून बारीक असेल. केस अडकतात, कापसाचे पुंजके अडकतात, पण सिमेंटची बारीक भुकटी आरामात आत. म्हणून मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून पुढे ताणून बसवलं. धूळ कमी झाली, खोटं कशाला बोलू. पण हवाही बंद! रेंडरसारखं जड काम लावलं की प्रोसेसर ९५ अंशांवर, मग तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करणार. दोन तासांचं काम साडेतीन तासांवर गेलं. क्लायंटला काय सांगू, मच्छरदाणी लावली होती?

मग कुठेतरी वाचलं, आत घेणारे पंखे जास्त ठेवा आणि बाहेर टाकणारे कमी, म्हणजे आतला दाब वाढतो आणि फटींतून धूळ शिरत नाही. पुढे १२० एमएमचे तीन, मागे एक. तत्त्व चोख आहे, मला मान्य. पण फिल्टर तुंबला की पुढच्या तिघांचा घसा आवळला जातो, मागचा मात्र ओढतच राहतो, आणि सगळं गणित उलटं होऊन प्रत्येक फटीतून न गाळलेली हवा आत. आमच्याकडे फिल्टर तुंबायला आठवडा पुरतो. आणि पॉवर सप्लायच्या खालचा फिल्टर? तो मागच्या बाजूनं ओढून काढायचा! म्हणजे दर वेळी चौदा वायरी सोडवा, धूड भिंतीपासून ओढा. ज्या दीडशहाण्यानं हे डिझाइन केलं त्यानं आयुष्यात स्वतःच्या हातानं फिल्टर धुतलेला नाही.

आईचं वेगळंच. ‘फ्रिजला कव्हर आहे, मिक्सरला आहे, मग याला का नको?’ म्हणत जुन्या पडद्याचं छान झालरवालं कव्हर शिवलं आणि घातलं. चालू मशीनवर! वन बीएचकेत फोडणीचा धूर, संध्याकाळचा धूप, सगळं तिथेच. त्या तेलकटपणानं धूळ अशी चिकटते की ब्लोअरला दाद देत नाही, ब्रश घेऊन खरवडावी लागते.

एकदा कंटाळून दुकानात दिलं. त्या पठ्ठ्यानं रॅम काढून खोडरबरानं घासली (ते मी घरीही करतो), आणि पंखा बोटानं न धरताच ब्लोअर मारला. पंखा भिंगरीसारखा गरगरला. ‘धूळ होती दादा,’ आठशे रुपये. धूळ होती हे मला माहीत नव्हतं का रे? तेव्हापासून तो पंखा कफ झाल्यासारखा घरघरतोय.

म्हणून काल पुन्हा स्वतःच बसलो. कूलर सोडवला, सगळं गॅलरीत नेलं, पंखे बोटानं धरून ब्लोअर मारला. ढगच उठला. तो ढग गेला थेट दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर. आई पुढचा अर्धा तास काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. चादरी परत मीच भिजवल्यात. कूलर अजून बसवायचाय, आणि त्याच्या नि प्रोसेसरच्या मधे लावायच्या थर्मल पेस्टची ट्यूब वाळून दगड झालीये.