हॉस्पिटलच्या वॉर्डातली लीडरशिप: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, नर्सला लीडरशिप वॉर्डच शिकवतो या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की लीडरशिप ही शिकून येते, "वॉर्डच शिकवतो" असं लिहून मी शिक्षणाला कमी लेखलं, आणि अनुभवातून शिकायचं म्हणजे चुका शेवटी पेशंटच्या अंगावर जातात. शेवटचा मुद्दा एकदम खरा आहे आणि तो माझ्या लेखात यायला पाहिजे होता, राहिला.

पण बाकीचं पटत नाही. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला वॉर्ड मॅनेजमेंट होतंच की, मला त्यात चांगले मार्क पण होते. तरी जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नोकरीला सहा महिने झाले असताना एका रात्री काय झालं ते सांगते. डिलिव्हरी नीट झाली, पिशवी आवळून ब्लीडिंग कमी व्हावं म्हणून 10 युनिट ऑक्सिटोसिन दिलेलं, वार पण पडली, अन् थोड्या वेळात ब्लीडिंग सुरू झालं, पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी कडक व्हायच्या ऐवजी मऊ लागायली. मी चोळायला लागले आणि ओरडले, "कुणीतरी डॉक्टरला फोन करा, कुणीतरी सलाईन आणा!" ब्रदर, मावशी, दुसरी सिस्टर, तिघंही तिथंच उभे. प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. तेवढ्यात आमच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, मॅडम आल्या, आवाज न चढवता म्हणल्या, "ब्रदर, तुम्ही डॉक्टरला फोन करा आणि लगेच 108 ला. सिस्टर, दुसऱ्या हाताला लाईन लाव आणि कॅथेटर टाक. मावशी, तुम्ही हिच्या सासूला बाहेर घेऊन बसा." आणि मला, "तू हात काढू नकोस." बाई वाचली.

सकाळी ड्युटी संपल्यावर मॅडमनी मला घरी जाऊ दिलं नाही. चहा सांगितला आणि रात्रीचं पहिल्यापासून माझ्याच तोंडून वदवून घेतलं, कोण कुठं उभं होतं, मी काय बोलले. मग एवढंच म्हणल्या, "'कुणीतरी' नावाचा स्टाफ आपल्याकडं नाही गं." रागवल्या नाहीत. तुम्ही म्हणता ना चुका पेशंटवर जातात, त्याला माझं उत्तर हेच आहे, की शिकणाऱ्याच्या पाठीशी सीनियर उभी पाहिजे आणि नंतर बसून बोलणं झालं पाहिजे. नुसती वर्षं भरून काही होत नाही, वीस वर्षं "कुणीतरी" ओरडणारे पण मी पाहिलेत.

तुम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं उदाहरण दिलंत की त्या अभ्यासाच्या जोरावर मोठ्या झाल्या. अभ्यास होताच सर, 1851 मध्ये जर्मनीत कैसरवर्थला जाऊन शिकल्या. पण 1854 मध्ये 38 नर्सेस घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलला गेल्या त्याच्या आधी 1853 पासून लंडनमधलं एक छोटं हॉस्पिटल त्यांनी स्वतः चालवलेलं होतं, म्हणजे माणसं, सामान, कमिटी सगळं सांभाळून मग गेल्या. तुमच्याच उदाहरणात दोन्ही आहे.

आता मी स्वतः वॉर्ड इन्चार्ज आहे. सकाळचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती, मी देत नाही, सगळ्यात ज्युनियर मुलगी बेडजवळ उभी राहून देते, अडखळली तरी मी मधी बोलत नाही, औषधाचा डोस चुकला तरच बोलते. पहिल्या आठवड्यात रडतात काहीजणी.

तुम्ही कॉलेजला शिकवता म्हणून एक विनंती. तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांना फक्त बीपी-टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला आणि फाईल लिहायला लावू नका, एका शिफ्टला चार बेड त्यांच्या नावावर द्या, आणि दुपारी तुम्ही स्वतः वॉर्डात या, अर्धा तास त्यांच्यासोबत बसा. मी थांबते त्या दिवशी.