लाथेचे श्रेय

काल मी तीन तास ट्रेलरखाली उताणा पडून होतो आणि दुरुस्तीचे श्रेय मात्र दुसऱ्याच एका गृहस्थांना मिळाले. ही गोष्ट मी अद्याप विसरलेलो नाही, आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

बिघाड असा होता की, ट्रेलर गाडीमागे डोळ्यांदेखत उभा असताना ब्रेक कंट्रोलरच्या, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मधूनच ‘ट्रेलर जोडलेला नाही’ अशी सूचना येत असे. ब्रेकला वीज पोहोचवणारी निळी तार मी तपासायला घेतली, तोच ते गृहस्थ हात मागे बांधून माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

“मागचे दिवे लागतात का?” त्यांनी विचारले.

“लागतात.”

“मग वायरिंग उत्तम आहे.”

दिव्यांना थोडासाच करंट पुरतो, पण चार चाकांच्या ड्रममधले ब्रेक लावणारे चार विद्युतचुंबक प्रत्येकी सुमारे 3 अँपिअर, म्हणजे एकूण 12 अँपिअर ओढतात, आणि दिव्यांचे भागते तेवढ्यावर ब्रेकचे भागत नाही, हे मी त्यांना शक्य तितक्या सौजन्याने समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण दिवे लागतात.”

मी मल्टीमीटर लावला. त्याने 12 व्होल्ट दाखवले.

“बघा!” ते म्हणाले. आता या ‘बघा’चे काय करावे? मल्टीमीटर स्वतः जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा शाबूत असला तरी तो बिनदिक्कत 12 व्होल्ट दाखवतो. खरी परीक्षा भार टाकल्यावर होते. त्यासाठी कोणाला तरी कंट्रोलरची हातकळ दाबून धरावी लागते. मी त्यांना तशी विनंती केली. त्यांनी ती मोठ्या आनंदाने मान्य केली, कळ दाबली आणि लगेच सोडली.

“दाबून धरा,” मी खालून ओरडलो.

“धरली होती की. फार वेळ धरली तर त्याला त्रास होईल.”

हा ‘तो’ कोण, हे मला आजही कळलेले नाही. त्रास मला होत होता, पण त्याची चौकशी कोणी केली नाही. सहाव्या खेपेस त्यांनी कळ पुरेसा वेळ धरली, तेव्हा ट्रेलरचा सांगाडा आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मला 5 व्होल्ट मिळाले. तेथे अर्धा व्होल्टही असायला नको. म्हणजे वीज ब्रेकपर्यंत जात होती, परतीची वाट मात्र बिघडलेली होती. मी प्लग उघडायला वळलो आणि त्याच क्षणी त्यांनी ट्रेलरच्या चाकाला सणसणीत लाथ घातली.

पडद्यावर ‘ट्रेलर जोडलेला आहे’ अशी अक्षरे उमटली. जमलेल्या तीन-चार जणांनी माना डोलावल्या. “यंत्राला भाषा कळते,” असे म्हणून ते गृहस्थ निघून गेले.

प्लगमधली पांढरी तार, म्हणजे अर्थिंगची तार, हिरवी पडून तुटलेली होती. परतीचा करंट ट्रेलर अडकवण्याच्या लोखंडी गोळ्यातून, त्यावरच्या ग्रीसमधून कसाबसा वाट काढत होता. लाथेने गोळा हलला, धातूला धातू टेकला आणि कंट्रोलर फसला. ब्रेक पूर्वीइतकेच दुबळे होते. तार आणि प्लग हलवून पडद्याकडे पाहणे ही मान्यताप्राप्त चाचणी आहे आणि लाथ हा तिचाच अपभ्रंश आहे, हे मी नाकारत नाही. परंतु चाचणी म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि हे ऐकायला तेथे कोणीही थांबले नव्हते. मी तार कापली, नवे टोक बसवले, सांगाड्यावरचा गंज खरवडून बोल्ट आवळला आणि पुन्हा मोजले. आता 5 व्होल्टच्या जागी 0.2 व्होल्ट आले.

संध्याकाळी घरी ही सगळी हकीकत मी आकड्यांसह सांगितली. ती ऐकून घेतल्यावर त्या काकांचा फोन नंबर घेऊन ठेवला की नाही, एवढेच मला विचारण्यात आले.