धक्का आहे, एवढे सांगणेही रहस्यभेदच

नव्या रहस्यकादंबऱ्यांचा परिचय करून देणारा तुमचा लेख मनापासून आवडला. मात्र त्यांपैकी तीन कादंबऱ्यांबद्दल ‘शेवटच्या प्रकरणात वाचक हादरतो’ असे जे लिहिले आहे, त्याविषयी माझी तक्रार आहे. गुन्हेगाराचे नाव लपवले म्हणजे रहस्य राखले गेले, असे परीक्षणकर्ते समजतात. परंतु शेवटी धक्का आहे हे एकदा कळले की वाचक पहिल्या पानापासूनच सर्वांत साळसूद पात्रावर नजर ठेवतो आणि लेखकाने कष्टाने रचलेली दिशाभूल वाया जाते.

दुसरे असे की, गुन्हेगार आधी ओळखता आला का, या एकाच मापाने सगळ्या कादंबऱ्या मोजल्या गेल्या आहेत. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कोणी केला हे सुरुवातीलाच उघड होते, तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. अशा कादंबरीला हे माप कसे लावणार? इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांतले काही आज हास्यास्पद वाटतात (गुप्त खोली किंवा गुप्त मार्ग एकापेक्षा अधिक नको, हा त्यांपैकीच एक!), पण गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकासमोरही ठेवला पाहिजे, हा नियम अजून खरा आहे. लेखकाने तो पाळला की नाही, हे कथानक न फोडताही सांगता येते, आणि पुस्तक विकत घेण्यापूर्वी मला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.