जमीन वितळत नाही, हे मान्य!

सप्रेम नमस्कार,

‘द्रवीकरण म्हणजे दाब देऊन वायूचा द्रव करणं. भूकंपात जमीन वितळली हे वाचून शाळकरी पोरही हसेल,’ असं तुम्ही माझ्या लेखातल्या जमिनीच्या ‘द्रवीकरणा’बद्दल लिहिलंत. ‘वितळली’ ही माझी चूक, सपशेल. वितळायला उष्णता लागते, आणि जपानच्या निगाता शहरात १९६४ साली वाळू काही तापली नव्हती.

झालं ते वेगळंच. रव्याचा डबा भरताना आपण तो ओट्यावर आपटतो, रवा खाली बसतो. १६ जूनच्या भूकंपात निगाताची भुसभुशीत वाळूही अशीच बसू पाहत होती. पण तिच्या फटींत पाणी भरलेलं, आणि त्या काही सेकंदांत त्याला निसटायला वाट नाही. पाण्याचा दाब चढला, कणांचा एकमेकांवरचा टेकू सुटला, वरचा भार पाण्यावर आला. कावागिशी-चो भागातल्या चारमजली इमारती न मोडता कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. पण मला जास्त बोलक्या वाटतात त्या जमिनीत पुरलेल्या रिकाम्या टाक्या. त्या चक्क तरंगत वर आल्या! वाळू वाळूच होती, पाणी पाणीच. वागणं तेवढं द्रवाचं. २००१च्या भूकंपात कच्छच्या रणातही जमिनीतून वाळू-पाणी उसळलं ते याच कारणाने.

आता तुमची व्याख्या. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर हलवला की आत डुचमळतं, म्हणून दाब पुरतो असं वाटतं. प्रोपेन-ब्युटेनला तो पुरतो. ऑक्सिजन मात्र उणे ११८ अंशांच्या वर असेल तर कितीही दाबा, द्रव होणार नाही. ही मर्यादा आयरिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर दाखवली. त्याच्यासाठी ती ३१ अंश. हेलियमने तर १० जुलै १९०८ पर्यंत दाद दिली नाही. त्या दिवशी नेदरलँड्समधल्या लायडनला डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेसने तो द्रव केला, उणे २६९ अंशांना. दाभोळला जहाजाने येणारा एलएनजीही (द्रवरूप नैसर्गिक वायू) उणे १६२ अंशांना थंड केलेला असतो.

राहिला शब्द. संस्कृतातला च्वि प्रत्यय ‘जे नव्हतं ते झालं’ या अर्थाचा, त्यामुळे ‘द्रवी-’ दोन्हीकडे चालतं. वायूचं आपण करतो, ते द्रवीकरण. जमिनीचं आपसूक होतं, ते द्रवीभवन. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. ‘वितळली’ खोडलं.